पहिल्या चौकीची साक्ष

आपणांपैकीं ज्यांचें बाळपण खेड्यांत गेलें असेल, त्यांना एक गोष्ट खचित आठवत असेल. अनवाणी पायानें रानांत हिंडतांना बाभळीचा कांटा मोडे, जखम चिघळे, आणि दोन दिवसांनीं जांघेंत एक दुखरी गांठ हाताला लागे. घरांतील वडील माणूस ती गांठ चाचपून म्हणे, "अवधाण आलें आहे, पाय दाखव पाहूं." दुखणें जांघेंत आणि तपासणी पायाची! जांघेंतील गांठ हा मूळ रोग नव्हे, ती रोगाची वर्दी आहे, हें आपल्या आज्यांना कोणत्याहि ग्रंथावांचून ठाऊक होतें.

आज मी ज्या विषयावर बोलणार आहें, त्याचें सारें मर्म ह्या अवधाणांत आहे. स्त्रियांच्या जननेंद्रियांस जो कर्करोग होतो, त्यांत रोगाची पहिली वर्दी ज्या गांठीकडे जाते ती नेमकी गांठ हुडकून काढावयाची, आणि तिची साक्ष घेऊन पुढचें ठरवावयाचें, अशी एक विद्या गेल्या तीस-पस्तीस वर्षांत उदयास आली. तिचा इतिहास मी सांगणार आहें.

मी वैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन जन्मभर मुलांना इतिहास शिकविलेला मी एक निवृत्त मास्तर आहें. ह्या विषयांत मी शिरलों तो माझ्या थोरल्या बहिणीमुळें. १९९७ सालीं अक्काला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, ती बरी झाली, आणि पुढें बरींच वर्षें जगली. परंतु तिचा डावा पाय सुजला तो कायमचा. शेजारणी विचारीत, "हत्तीपाय झाला कां हो?" एका पायाची चप्पल मुद्दाम मोठी करून घ्यावी लागे. लग्नकार्याला गेली तर ती पाय लुगड्यांत झांकून कोपऱ्यांतली खुर्ची पाही. तिच्या माघारीं तिचे कागद चाळतांना मला एक ओळ दिसली : काढलेल्या लसिकाग्रंथी २६, त्यांपैकीं रोगग्रस्त एकहि नाहीं. ही ओळ खरें पाहतां आनंदाची. पण माझ्या मनांत प्रश्न राहिला कीं, एकींतहि रोग नव्हता, तर सव्वीस काढल्या कशाला?

ह्या प्रश्नाचें उत्तर समजण्यास प्रथम ह्या ग्रंथींचें काम समजलें पाहिजे. आपल्या शरीरांत रक्तवाहिन्यांखेरीज आणखी एक सूक्ष्म जलमार्ग आहे. रक्तांतून पाझरलेलें पाणी गोळा करून तें पुन्हां रक्तांत नेऊन सोडणें हें त्याचें काम. त्या पाण्याला लसिका म्हणतात. ह्या मार्गावर ठिकठिकाणीं घेवड्याच्या दाण्याएवढ्या गांठी असतात, त्याच लसिकाग्रंथी. जांघ, काख, मान आणि ओटीपोट येथें त्यांचे मोठे समूह आहेत. गांवाच्या वेशीवर चौकी असावी आणि येणाऱ्याजाणाऱ्याची तेथें झडती व्हावी, तसा हा प्रकार आहे. जंतु तेथें अडतात. कर्करोगाच्या पेशी मूळ जागा सोडून निघाल्या म्हणजे त्याहि पुष्कळदां प्रथम तेथेंच अडतात. मात्र चौकी उपटून काढली कीं वाटहि मोडते. पाणी तुंबतें आणि पाय सुजतो. अक्काच्या पायाचें कारण हेंच होतें.

हा जलमार्ग माणसाच्या दृष्टीस पडला तो योगायोगानें. १६२२ च्या जुलै महिन्यांत इटलीमधील गास्पारो असेली हे शरीरशास्त्रज्ञ एका नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याचें पोट फाडून पाहत होते. आंतड्यांच्या पडद्यावर त्यांना पांढरे धागे दिसले. प्रथम ते मज्जातंतु वाटले. एक धागा कापला तेव्हां आंतून दुधासारखा द्रव वाहूं लागला. पुढें तीस वर्षांनीं स्वीडनचे ओलाउस रुडबेक आणि डेन्मार्कचे टोमास बार्टोलिन ह्या दोघांनीं असे मार्ग सर्व शरीरभर पसरले आहेत हें दाखविलें, आणि शोध कोणाचा ह्यावरून दोघांत कडाक्याचें भांडणहि झालें. १७८७ सालीं इटलीच्याच पाओलो मास्कान्यी ह्यांनीं ह्या नाजूक नळ्यांत पारा भरून त्यांचे सुरेख नकाशे छापले. एकोणिसाव्या शतकांत जर्मनीचे रुडोल्फ फिरखो ह्यांनीं लसिकाग्रंथि ही एक गाळणी आहे हा विचार दृढ केला.

गाळणीच्या ह्या कल्पनेंतून शस्त्रवैद्यांनीं जो निष्कर्ष काढला, तो सरळ होता. गाळ गाळणींत अडला असेल, तर गाळणीसुद्धां काढून टाका! अमेरिकेंत बाल्टिमोर येथें विल्यम हाल्स्टेड ह्यांनीं स्तनाच्या कर्करोगांत स्तनाबरोबर छातीचे स्नायु आणि काखेंतील ग्रंथी एकत्र काढण्याची रीत १८९४ सालीं प्रसिद्ध केली. व्हिएन्ना येथें एर्न्स्ट वेर्थाइम ह्यांनीं १६ नोव्हेंबर १८९८ रोजीं गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीं आपली विस्तृत शस्त्रक्रिया प्रथम केली. तिच्यांत गर्भाशयाबरोबर त्याच्या भोंवतालचा भाग आणि ओटीपोटांतील सुजलेल्या ग्रंथी काढीत. त्या वेळीं रक्त देण्याची सोय नव्हती आणि जंतुनाशक औषधेंहि आजच्यासारखीं नव्हतीं; प्रारंभींच्या रुग्णांपैकीं सुमारें तिसरा हिस्सा शस्त्रक्रियेनेंच दगावला. तरी वेर्थाइम मागें हटले नाहींत. त्यांनीं पांचशें शस्त्रक्रियांचा हिशेब जगापुढें ठेवला. १९४४ सालीं बोस्टनच्या जो व्हिन्सेंट मेग्ज ह्यांनीं ह्याच शस्त्रक्रियेला ओटीपोटांतील सर्व ग्रंथी पद्धतशीर काढण्याची जोड दिली. बाह्य जननेंद्रियाच्या कर्करोगांत पॅरिसच्या आंत्वान बासे ह्यांनीं १९१२ सालीं दोन्ही जांघांतील ग्रंथींसह सर्व भाग काढण्याचा मार्ग सांगितला, आणि पुढें अमेरिकेंत फ्रेडरिक टाउसिग व इंग्लंडांत स्टॅन्ली वे ह्यांनीं तो रूढ केला.

आज ह्या लोकांना निर्दय म्हणणें सोपें आहे. पण तें न्यायाचें होणार नाहीं. कोणत्या ग्रंथींत रोग आहे हें बाहेरून समजण्याचा मार्ग नव्हता, आणि चुकून एक रोगी ग्रंथि मागें राहिली तर ती बाई जाणार, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. त्यांच्या शस्त्रानें पुष्कळ स्त्रिया जगल्या. परंतु ह्या जगण्याचें मोल त्या स्त्रियांनीं भरलें. जांघेंतील जखमा फाटत, महिनेमहिने वाहत, पाय सुजत, आणि सुजलेल्या पायांत वरचेवर ताप व दाह होई. ह्यांतल्या कित्येकींच्या जांघेंत मुळांत रोग नसे. शिवाय हा रोग अशा जागीं, कीं आपल्याकडेच काय, युरोपांतहि बायका त्याचें नांव काढीत नसत. दुःख सोसावयाचें तेंहि मुक्यानें.

"सर्व काढा" ह्या मताला पहिला लहानसा तडा गेला तो अगदीं दुसऱ्याच जागीं. वॉशिंग्टन येथें अर्नेस्ट गूल्ड आणि त्यांचे सहकारी कानाजवळील लालोत्पादक पिंडाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया करीत. वाटेंतील एक विशिष्ट ग्रंथि प्रथम काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावी, आणि तींत रोग असेल तरच मानेंतील इतर ग्रंथी काढाव्या, असें त्यांनीं १९६० सालीं मांडलें. त्या ग्रंथीला त्यांनीं पहारेकरी ग्रंथि असें नांव दिलें. १९७७ मध्यें रामोन काबान्यास ह्यांनीं पुरुषाच्या जननेंद्रियाच्या कर्करोगांत लसिकामार्गांत औषध भरून क्षकिरणांची चित्रें घेतलीं, आणि जांघेंत एका ठराविक जागीं पहारेकरी ग्रंथि असते असें प्रतिपादिलें. १९७९ सालीं अमेरिकेचे फिलिप डिसाया ह्यांनीं तोच विचार स्त्रियांच्या बाह्य जननेंद्रियाच्या कर्करोगाकडे वळविला. जांघेंतील वरच्या थरांतल्या ग्रंथी ह्याच पहारेकरी. त्या निर्दोष असतील तर खोलवर जाण्याचें कारण नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें.

कल्पना सुंदर होती. पण ती फसली. काबान्यास ह्यांची ठराविक जागा दुसऱ्यांच्या हातीं पुष्कळदां खोटी ठरली. वरच्या थरांतील ग्रंथींवर विसंबलेल्या कांहीं स्त्रियांच्या जांघेंत रोग पुन्हां उद्भवला. १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासांत हें उघड झालें. जांघेंत परतलेला हा रोग फार थोड्यांना सोडतो. चूक कोठें झाली? पहारेकऱ्याची जागा पुस्तकांत पाहून नेमली, येथें. प्रत्येक गांवाची वेस पूर्वेलाच असते असें धरून चालणारा वाटसरू जसा फसेल, तसेंच हें झालें. एका बाईच्या शरीरांतील वाट दुसरीच्या शरीरांत त्याच वळणानें जाईल असें नाहीं.

मग उपाय काय? वाट त्याच शरीराला विचारावयाची! हें काम कॅलिफोर्नियांतील डोनल्ड मॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलें. त्यांचा विषय होता त्वचेचा काळा कर्करोग. रोगाच्या गांठीभोंवतीं त्यांनीं निळा रंग टोंचला. रंग लसिकेबरोबर वाहत गेला. निळ्या झालेल्या नळीचा माग काढीत शस्त्रवैद्य ज्या पहिल्या निळ्या ग्रंथीपाशीं पोहोंचला, ती पहारेकरी. मग ती कोणत्याहि कोपऱ्यांत असो. २२३ रुग्णांचा हा वृत्तांत १९९२ सालीं प्रसिद्ध झाला. पुढल्याच वर्षीं डेव्हिड क्रॅग ह्यांनीं स्तनाच्या कर्करोगांत रंगाऐवजीं किंचित् किरणोत्सर्गी द्रव्य टोंचून, किरण टिपणाऱ्या लेखणीएवढ्या यंत्रानें ग्रंथीची जागा ऐकून काढली. ह्या द्रव्यांतील टेक्नेशियमचा निम्मा अंश सहा तासांत विझतो. रंग डोळ्यांना दिसतो, किरण यंत्राला ऐकूं येतो. दोघांची साक्ष जुळली म्हणजे चुकीचा संभव कमी होतो.

स्त्रीरोगांच्या प्रांतांत ही विद्या आली ती १९९४ सालीं. अमेरिकेंतील ह्यूस्टन येथें चार्ल्स लेव्हनबॅक ह्यांनीं बाह्य जननेंद्रियाच्या कर्करोगांत निळा रंग टोंचून जांघेंतील पहारेकरी शोधण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. परंतु ग्रंथि सांपडणें निराळें, आणि तिच्या एकटीच्या शब्दावर विसंबून बाकीच्या राहूं देणें निराळें. नेदर्लंड्समधील ग्रोनिंगन येथील आटे व्हान डेर झे आणि अनेक रुग्णालयांतील त्यांचे सहकारी ह्यांनीं २००० सालीं हें धाडस केलें. रोगाची गांठ ४ सेंटिमीटरांहून लहान असलेल्या ४०३ स्त्रिया त्यांनीं निवडल्या. पहारेकरी निर्दोष, तर जांघेला आणखी शस्त्र लावावयाचें नाहीं, असा नियम ठरला. सुरक्षिततेसाठीं दुसराहि नियम होता : रोग परतण्याचें प्रमाण ठराविक मर्यादेपुढें गेलें, तर प्रयोग थांबवावयाचा.

२००८ सालीं निकाल जाहीर झाला. गांठ एकच आणि पहारेकरी निर्दोष अशा २५९ स्त्रियांपैकीं सहाजणींच्या जांघेंत रोग परतला, म्हणजे शेंकडा २.३, आणि तीन वर्षांनीं शेंकडा ९७ जणी हयात होत्या. पाय सुजण्याचें प्रमाण, ज्यांच्या सर्व ग्रंथी काढाव्या लागल्या त्यांच्यांत शेंकडा २५.२, ज्यांची केवळ पहारेकरी काढली त्यांच्यांत शेंकडा १.९. जखम फाटण्याचें प्रमाण शेंकडा ३४ वरून ११.७ वर आलें. श्रोतेहो, शाळेंत मी हजारों सनावळ्या पाठ करून घेतल्या, पण हे आंकडे वाचतांना माझ्या डोळ्यांपुढें एक मोठी करून घेतलेली चप्पल उभी राहिली.

ह्या मंडळींच्या दुसऱ्या प्रयोगाची हकीकत मला त्याहून मोलाची वाटते. पहारेकरींत रोग सांपडलाच, तर उरलेल्या ग्रंथी काढण्याऐवजीं नुसते किरणोपचार पुरतील काय, हें त्यांना पाहावयाचें होतें. २०१० च्या जून महिन्यांत थांबण्याचा नियम लागू झाला. रोग फार जणींत परतत होता. त्यांनीं प्रयोग थांबवून हिशेब तपासला. ग्रंथींतील रोग २ मिलिमीटरांहून मोठा असेल तेथें किरण अपुरे पडत होते. तेव्हांपासून अशा स्त्रियांच्या ग्रंथी पुन्हां शस्त्रानें काढूं लागले, आणि २ मिलिमीटरांपर्यंतच्या रोगासाठीं किरणांचा मार्ग चालू ठेवला. २०२१ सालच्या अंतिम वृत्तांतांत लहान रोगाच्या बाबतींत परतण्याचें प्रमाण शेंकडा १.६ आलें. मोठ्या रोगांत तें केवळ किरणांनीं शेंकडा २२, तर ग्रंथी काढल्यावर शेंकडा ६.९ होतें. आपला अंदाज चुकला हें वेळीं ओळखणें आणि छापून सांगणें, ह्यालाच मी विद्येची सचोटी म्हणतों.

गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगांत प्रश्न वेगळा होता. तेथें रोग लवकर कळल्यास ओटीपोटांतील सर्व ग्रंथी काढल्यानें आयुष्य वाढतें, असें २००८ मधील इटलीच्या आणि २००९ मधील ब्रिटिश चाचणींत दिसलें नाहीं. पण ग्रंथींत रोग आहे कीं नाहीं हें समजल्यावांचून पुढील औषधोपचार ठरणार कसे? अशा पेचांत पहारेकरी उपयोगी पडणार होती. अडचण होती ती तिला दिसूं देण्याची. १९९६ सालीं ह्यूस्टनच्याच टॉमस बर्क ह्यांनीं १५ स्त्रियांत निळा रंग वापरून पाहिला. पण खोल चरबींत निळा रंग सहज हरवतो. ह्यावर उपाय सांपडला तो एका जुन्या हिरव्या रंगांत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कोडॅक कंपनीनें छायाचित्रणासाठीं हा रंग बनविला होता. १९५७ च्या सुमारास तो वैद्यकांत हृदय आणि यकृत ह्यांची तपासणी करण्यास आला. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश पाडला, कीं हा रंग उजळतो, आणि यंत्राच्या पडद्यावर लसिकेची वाट दिवाळींतल्या पणत्यांच्या ओळीसारखी दिसूं लागते. २०१८ सालच्या एका तुलनेंत ह्या हिरव्या रंगानें शेंकडा ९७ ग्रंथी दाखविल्या, तर निळ्यानें शेंकडा ४७. त्याच्या आदल्या वर्षीं अमेरिकेंत ३४० स्त्रियांवरील अभ्यासांत हिरव्या रंगानें वाट दिसलेल्या ज्या ३६ जणींच्या ग्रंथींत रोग होता, त्यांपैकीं ३५ जणींच्या पहारेकरीनें खरी साक्ष दिली.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगांत हा मार्ग फ्रान्सनें पुढें नेला. लियों शहरच्या दानिएल दार्जां ह्यांनीं २००० सालीं दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनें पहारेकरी हुडकल्याचें प्रसिद्ध केलें. २०११ सालच्या १३९ स्त्रियांच्या फ्रेंच अभ्यासांत एक महत्त्वाची गोष्ट दिसली. ज्यांच्या डाव्या आणि उजव्या, दोन्ही अंगांना पहारेकरी सांपडली, त्यांच्यांत एकदांहि खोटी साक्ष निघाली नाहीं. गर्भाशय शरीराच्या मध्यावर असल्यामुळें त्याच्या वाटा दोन्हीकडे जातात. एकाच अंगाचा साक्षीदार ऐकून निकाल देणें योग्य नव्हे. पुढील दशकांत ह्याच्या मोठ्या तुलनात्मक चाचण्या हातीं घेण्यांत आल्या.

आतां कोणी विचारील, सव्वीस ग्रंथी तपासण्यापेक्षां एक-दोन तपासणें अधिक खात्रीचें कसें? ह्याचें उत्तर शाळामास्तराला लगेच पटेल. सव्वीस मुलांच्या वह्या एका रात्रींत तपासावयाच्या, तर प्रत्येकीचें एखादें पान पाहिलें जातें. दोनच वह्या असतील, तर ओळ न् ओळ वाचतां येते. सर्व ग्रंथी काढल्या असतां प्रत्येकीचा एखादाच छेद सूक्ष्मदर्शकाखालीं जाई. पहारेकरीचे मात्र पातळ पातळ अनेक छेद घेऊन, विशेष रंगांनीं रंगवून, मिलिमीटराच्या अंशाएवढा रोगहि शोधतां येतो.

तथापि ह्या विद्येला मर्यादा आहेत, आणि त्या पाळल्या तरच ती तारक आहे. एखादी ग्रंथि रोगानें गच्च भरली, कीं तिची वाट बंद होते आणि रंग आडवाटेनें दुसऱ्याच ग्रंथींत जातो. म्हणून सुजलेली वा संशयास्पद ग्रंथि, रंग असो वा नसो, काढावीच लागते. ज्या अंगाला पहारेकरी सांपडत नाहीं, त्या अंगाला निर्दोष म्हणतां येत नाहीं. आणि सर्वांत मोठी मर्यादा म्हणजे, रोग लवकर कळला तरच पहिल्या चौकीला विचारण्यांत अर्थ. शत्रु पेठेंत शिरल्यावर वेशीवरच्या पहारेकऱ्याला काय विचारणार?

येथें आपला महाराष्ट्र आठवतो. आपल्याकडे गर्भाशयमुखाचा कर्करोग पुष्कळदां फार उशिरां उघडकीस येतो. तेव्हांच्या उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव जिल्ह्यांत टाटा रुग्णालय आणि बार्शीचें कर्करोग रुग्णालय ह्यांच्या साह्यानें १,३१,७४६ स्त्रियांवर एक थोर अभ्यास झाला. रोगास कारण होणाऱ्या विषाणूची एकदांच तपासणी केलेल्या गांवांत, तपासणी न झालेल्या गांवांच्या मानानें, ह्या रोगानें होणारे मृत्यु जवळजवळ निम्म्यानें घटले, असें २००९ सालीं प्रसिद्ध झालें. ज्या बायकांनीं लाज बाजूस सारून ही तपासणी करून घेतली, त्यांनीं वेशीवरची चौकीच आणखी पुढें नेऊन ठेवली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

अक्काच्या त्या ओळीकडे मी आतां निराळ्या दृष्टीनें पाहतों. १९९७ सालीं तिच्या सव्वीस ग्रंथी काढणाऱ्या हातांना मी दोष देत नाहीं. विचारण्याची भाषाच तेव्हां घडत होती. "सर्व काढा" म्हणण्याला धैर्य लागलें होतें, आणि "एवढेंच काढा" म्हणण्याला त्याहून अधिक लागलें. कारण कमी करण्याचा अधिकार पुराव्यावांचून मिळत नाहीं. तो पुरावा ज्यांनीं दिला, त्या शेंकडों निनांवी स्त्रिया आहेत.

आपल्या घरांत कोणी बाई असें दुखणें अंगावर काढीत असेल, तर तिला एवढेंच विचारा, "कुठें दुखतें?" आणि मग तिला वेळेवर दवाखान्यांत न्या. आज्या अवधाण पाहून पाय तपासावयास सांगत, तें ह्याचसाठीं.